खेळ, विद्या आणि एक परका कायदा

मुलगी नववीत गेली की तिचा खेळ सुटतो, हे आपल्या वाशिमकडे घरोघर दिसते. ‘खेळाने का पोट भरते?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न काही वावगा नाही. पण खेळ आणि विद्या यांचे मुळातच वैर आहे काय, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसले टेनिसच्या बळावर अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेल्या व २०१७ पर्यंत त्याच्या संघातून खेळल्या. पुढे २०२३ साली हांगझो येथील आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्या साथीने त्यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले.

परक्या मुलीवर विद्यापीठ खर्च का करते? याचे मूळ १९७२ च्या एका कायद्यात आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष भेद करू नये, असे तो सांगतो. मोठ्या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाला ८५ पर्यंत शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्या मुलांच्याच. हे पारडे समतोल करण्यास मुलींना इतर खेळांत अधिक जागा देणे भाग पडले. म्हणून टेनिसमध्ये मुलींच्या संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या, तर मुलांना साडेचार, त्याही वाटून घ्यावयाच्या, अशी मर्यादा होती. प्रशिक्षकाला जिंकावयाचे असते. खेळाडू कोणत्या देशाची, हे तो पाहत नाही. अमेरिकेने आपल्या लेकींसाठी केलेला कायदा असा श्रीरामपूरच्या लेकीच्याही उपयोगी पडला.

तथापि हे दान नव्हे, करार आहे. प्रवेशासाठी नववीपासूनचे गुण तपासतात. तेथेही अभ्यासात मागे पडणाऱ्यास मैदानात उतरता येत नाही. २०२१ पासून तेथील खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळविण्याची मुभा आहे. पण विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या परदेशीयांना कमाईचे निर्बंध आड येतात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली.

सगळ्याच मुली अमेरिकेला जाणार नाहीत, आणि जाव्यात असेही आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या नववीत आपण मुलीचा खेळ थांबवितो, त्याच नववीपासून तिकडे खेळ आणि गुण यांचा हिशेब एकत्र मांडला जातो. एवढे ध्यानी ठेवून तिला संध्याकाळचा एक तास मैदानावर जाऊ द्यावे, इतकीच आमची विनंती आहे.