वगळलेल्यांचा हिशेब कोण मागणार?

लाभार्थींची सरकारी यादी ही वस्तुतः एक संख्याशास्त्रीय चाचणीच असते. ‘अर्जदार कुटुंब गरीब नाही’ असे प्रथम गृहीत धरायचे आणि पुराव्याने ते खोटे ठरले तरच लाभ द्यायचा, ही तिची रीत. अशा निर्णयांतील दोन चुकांचे गणित जेर्झी नेमन व एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ च्या निबंधात मांडले. खरे गृहीतक नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक. खोटे गृहीतक तसेच राहू देणे ही दुसऱ्या प्रकारची. रेशनच्या भाषेत, सधनाला बीपीएल कार्ड मिळणे ही पहिली आणि भुकेल्याला ते नाकारले जाणे ही दुसरी.

उपलब्ध माहिती तेवढीच असेल, तर एक चूक कमी करताना दुसरी वाढते. निकष कडक केले की श्रीमंत गळतात, तसे गरीबही गळतात. दोन्ही चुका एकदम घटवायच्या तर माहितीच सुधारावी लागते.

२००२ च्या बीपीएल गणनेत नेमके हेच राहून गेले. १३ निकष, प्रत्येकी शून्य ते चार असे एकूण ५२ गुण ठरले. मात्र गरिबांची संख्या नियोजन आयोगाच्या अंदाजाच्या फार पुढे जाऊ नये, अशा बेताने राज्यांना गुणांची रेषा आखावी लागली. डॉ. एन. सी. सक्सेना समितीच्या २००९ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील सुमारे ६१ टक्के गरीब यादीबाहेर राहिले, तर गरीब नसलेले सुमारे २५ टक्के आत शिरले. दोन्ही चुका एवढ्या मोठ्या असतील, तर दोष केवळ रेषेचा नव्हे, मोजमापाचाही ठरतो.

तरीही प्रशासनाला भय वाटते ते पहिल्या चुकीचे. अपात्राला दिलेल्या धान्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो. यादीत नाव नसलेल्याची फाइलच उघडत नाही.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण ७५ व शहरी ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला कवेत घेऊन दुसरी चूक कमी करण्याचा मार्ग स्वीकारला. परंतु हा कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतला गेला आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. दरम्यान वाढलेल्या लोकसंख्येतील गरीब पुन्हा रेषेबाहेर राहिले.

कोणती चूक अधिक महाग, याचे उत्तर गणित देत नाही. ते संसदेनेच द्यायचे असते.