सातपुड्यातला सिकलसेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नंदुरबार जिल्ह्यात दहांपैकी जवळपास सात माणसे आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, धानका, तडवी अशा समाजांचा हा मुलूख. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर कुठेही जा. आशाताईंच्या आणि आश्रमशाळांच्या तोंडी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे नाव असतेच. या आजारावर अनेक दशके काम केलेले पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीत राज्यातल्या ज्या समाजांत सिकलसेलचे वाहक सर्वाधिक आढळले, त्यांत भिल्ल आणि पावराही होते. दर पाच माणसांमागे एक वाहक, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. इतक्या घरांशी संबंध असलेल्या आजाराबद्दल चुकीच्या समजुती राहणे परवडणारे नाही.

आजाराचे मूळ फार लहान आहे. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कसे बनवायचे, याची माहिती जनुकांत असते. त्यातले एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यातले एकच अक्षर बदलले, की हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो. असे हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडताच एकमेकांना चिकटते, त्याचे ताठ दांडे होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदना होतात त्या यामुळेच.

गैरसमज : ही बाहेरची बाधा आहे, कुणीतरी केलेली करणी आहे.

वस्तुस्थिती : वेदना अचानक उठते, काही दिवसांनी ओसरते आणि पुन्हा येते. म्हणून बाधेचा संशय येतो आणि कधी एखाद्या निरपराध बाईवर डाकीण असल्याचा आळ येतो. कारण मात्र रक्तात आहे आणि चाचणीत दिसते. बडव्यावर, म्हणजे गावच्या मांत्रिकावर, घरच्यांची श्रद्धा असेल तर असो, पण त्यासाठी दवाखाना लांबवू नये. आजारी मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. सिकलसेलच्या मुलाला ताप आला, की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे.

गैरसमज : हा आजार एकमेकांच्या संगतीने लागतो.

वस्तुस्थिती : एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, वसतिगृहात शेजारी राहिल्याने तो होत नाही. जनुके आईवडिलांकडून मिळतात, शेजाऱ्याकडून नाही. अशा मुलाला वेगळे बसवणे हा अन्याय आहे.

गैरसमज : दोष आईकडून येतो, म्हणून लग्नाआधी मुलीचे रक्त तपासले की झाले.

वस्तुस्थिती : प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच आजार होतो. एकच बदललेली असेल, तर माणूस फक्त वाहक असतो. म्हणजे सिकलसेलग्रस्त मुलाला आईकडून जेवढे मिळाले, तेवढेच वडिलांकडूनही मिळालेले असते. बाईला दूषण देऊन घराबाहेर काढणाऱ्यांनी हे ऐकायलाच हवे. तपासणी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही व्हायला हवी.

गैरसमज : पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निरोगी होणार.

वस्तुस्थिती : आईवडील दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. आधी काय झाले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. एक वाहक आणि दुसरा मुक्त असेल, तर एकही मूल आजारी होत नाही. एक रुग्ण आणि दुसरा मुक्त असेल, तर सगळी मुले वाहक होतात, पण आजारी एकही नाही. एक रुग्ण आणि दुसरा वाहक असेल, तर दर मुलाला आजाराची शक्यता निम्मी असते. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करून घेता येते. म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे.

गैरसमज : वाहक म्हणजे अर्धा आजारी माणूस.

वस्तुस्थिती : वाहकाकडे एक प्रत धड असते आणि ती पुरेशी असते. बहुतेक वाहक आयुष्यभर शेती करतात, धावतात, संसार करतात आणि त्यांना काहीच त्रास होत नाही. वाहकाने लग्न करू नये, असेही नाही. जोडीदाराचे रक्त माहीत असावे, इतकेच.

गैरसमज : आदिवासींचे रक्तच वाईट, म्हणून हा आजार त्यांना होतो.

वस्तुस्थिती : हे जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे आणि विदर्भातल्या बिगर-आदिवासी समाजांतही आहे. जिथे पूर्वापार मलेरिया होता, तिथे ते टिकले. संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले, की वाहकांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत वाढतो आणि वाहकाच्या पेशीत त्याचे नीट फावत नाही. हिवतापाने मुले दगावत असताना वाहक मुले जास्त वाचली आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच झाल्या. सातपुड्याच्या पूर्वजांना जगवणारे हे जनुक कमीपणाचे नाही. मात्र ज्याला आजारच आहे, त्याला हे संरक्षण नसते. मलेरिया त्याच्यासाठी धोकादायक आहे.

गैरसमज : रक्त कमी आहे ना? मग लोहाच्या गोळ्या घ्या.

वस्तुस्थिती : निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची १० ते २० दिवसच. रक्त कमी पडते ते पेशी लवकर फुटतात म्हणून. कावीळही त्यामुळेच दिसते. वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह उलट साठून राहते. लोहाची गोळी तपासणी करून डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी. नवे रक्त बनायला मदत करणारी फॉलिक ॲसिडची गोळी मात्र सहसा दिली जाते.

गैरसमज : जनुकातच आहे, म्हणजे इलाज नाही.

वस्तुस्थिती : जनुक सारखे असूनही दोन रुग्णांचा त्रास सारखा नसतो. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. ते जन्मानंतर काही महिने टिकते, म्हणून तान्ह्या बाळाला त्रास जाणवत नाही. ज्यांच्यात ते मोठेपणीही जास्त राहते, त्यांचा आजार सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन वाढवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. लहान मुलांना पेनिसिलिन आणि लसी जंतुसंसर्गापासून वाचवतात.

त्रास वाढण्यात परिस्थितीचाही हात मोठा असतो. पाणी कमी पडणे, कडक थंडी आणि अतिश्रम यांमुळे पेशी वाकतात. तोरणमाळ-डाबसारख्या डोंगरावरच्या गावांच्या थंडीत उबदार कपडे आणि गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या रुग्णाला पुरेसे पाणी व विश्रांती हाही औषधोपचारच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत सिकलसेल हटवायचा, असे ठरले आहे. ते गाठायचे तर तपासणी लग्नाआधी व्हायला हवी. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते आणि त्यात काही आढळले, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच लागते, कारण जनुक बदलत नाही. होळीला कामावरची माणसे गावी परततात आणि मग लग्ने ठरू लागतात. देज, म्हणजे वधूमूल्य, ठरवायला पंच बसण्याआधी मुलगा आणि मुलगी, दोघांचीही तपासणीची कार्डे घरात हवीत.