संगणक घ्यायचा, पण कुणाचं ऐकून?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा संगणकाचीच चर्चा जास्त झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१०चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि आमचा जुना डेस्कटॉप विंडोज-११च्या अटींत बसेना. नवीन संगणक घेणं आलं.

मग सल्ले सुरू झाले. पुण्याहून मुलगी म्हणाली, "बाबा, मॅकच घ्या. कटकट नाही." इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामा, पैसे कशाला घालवता? आहे त्यावरच लिनक्स टाकू, फुकट असतं." सौ.चं माहेर धारवाडचं. कन्नड शाळेत शिक्षिका होती, अजून शिकवण्या घेते. ती एवढंच म्हणाली, "अहो, माझ्या प्रश्नपत्रिका आणि मामंजींच्या आठवणी उघडतात का, ते आधी बघा."

खरी गोम तिथेच होती. वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणी मी २००४ साली टाइप केल्या होत्या. पुढे एका पावसाळ्यात वह्या भिजून वाया गेल्या. आता उरलं होतं ते त्या एका फाइलीतच.

पेनड्राइव्ह खिशात टाकून बेळगावातल्या एका दुकानात गेलो. मॅकवर फाइल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! सौ.च्या कन्नड फाइलीचीही तीच गत. म्हटलं, मॅक बाद. पण शेजारच्या नव्या विंडोज-११ लॅपटॉपवरही तोच काला दिसला, तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

दुकानातल्या पोराने उलगडून सांगितलं, "काका, दोष मशीनचा नाही. तुमचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही." युनिकोडमध्ये तसं नसतं. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरी आणि कन्नड, दोन्हींच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे युनिकोडमधला मजकूर मॅक, विंडोज, लिनक्स, मोबाइल, कुठेही वाचता येतो.

घरी येऊन हिशेब मांडला. फक्त पत्रं, ई-मेल, बँकेची कामं असतील, तर तिन्ही प्रकार चालतात. लिनक्सवर लिबर ऑफिस मोफत मिळतं आणि जुन्या यंत्रालाही ते पेलतं. मॅक टिकाऊ, पण किंमत जास्त. आमची दोन्ही भाषांची जुनी टायपिंग सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालणारी. म्हणून विंडोज-११चाच लॅपटॉप घेतला, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा. जुना डेस्कटॉप इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे. फाइली बदलून झाल्या की भाच्याने खुशाल लिनक्स टाकावं.

आता रोज रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघं फाइली युनिकोडमध्ये आणतो. रूपांतर यंत्र करतं, पण मराठीत रफार सरकतो, कन्नडमध्ये ओत्तक्षर चुकतं. डोळ्यांखालून घालावंच लागतं. नव्याने इनस्क्रिप्ट कळफलक शिकलो. त्यात मराठी आणि कन्नड यांची समान अक्षरं एकाच कळीवर असतात, 'क' तिथे 'क', 'ळ' तिथे 'ळ'. एक शिकलं की दुसरं हाताशी.

परवा आठवणी वाचता वाचता सौ. थांबली. वडिलांनी आठवडी बाजारातलं एक कन्नड वाक्य देवनागरीत लिहिलं होतं. मी टाइप करताना त्याची पार वाट लावली होती. तिने ते नीट केलं आणि म्हणाली, "मामंजी असंच बोलायचे."

वाचकहो, संगणक जरूर घ्या, कुठलाही घ्या. पण दुकानात जाताना घरातली सर्वांत जुनी फाइल बरोबर न्या आणि ती उघडून बघा.