पर्यटक येतात, पैसा गावात थांबायला हवा

परभणी : जिल्ह्यात पाहण्यासारखे काही नाही, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. संत जनाबाईंचे जन्मगाव असलेले गोदाकाठचे गंगाखेड, साईबाबांचे जन्मस्थान म्हणून अनेक भाविक ज्या गावाकडे पाहतात ते पाथरी, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची यादवकालीन मंदिरे, वालूरची गोलाकार पायऱ्यांची बारव आणि परभणी शहरात फेब्रुवारीत भरणारा हजरत तुराबुल हक यांचा उरूस, या सर्व ठिकाणी लोक येतच असतात. आलेला माणूस किती वेळ थांबतो आणि त्याने खर्च केलेल्या पैशापैकी किती पैसा गावात उरतो, हा खरा प्रश्न आहे.

एरवीचा क्रम ठरलेला असतो. भाविक सकाळी वाहनाने येतो, दर्शन घेतो, बाहेरगावी तयार झालेली माळ किंवा तसबीर विकत घेतो आणि दुपारी परततो. वाहनाचे भाडे, इंधन आणि वस्तूची किंमत यांतील अल्प वाटाच स्थानिकांच्या हाती पडतो. कचरा, पाण्यावरील ताण आणि वाहनांची गर्दी मात्र गावाच्या वाट्याला येते. शाश्वत ग्रामीण पर्यटनाचा उद्देश हे चित्र उलटे करणे हाच आहे.

हंगाम एकच, वाटा दोन

या कामी हस्तकला हा उपयुक्त दुवा ठरू शकतो. जुन्या लुगड्यांचे थर टाचून शिवलेली गोधडी, तांड्यांवरील बंजारा महिलांचे आरसे व कवड्या जडवलेले भरतकाम, बुरुडांच्या टोपल्या आणि सुपे, कुंभारांची मातीची भांडी, ही कौशल्ये मराठवाड्याच्या खेड्यांत अद्याप टिकून आहेत. त्यांसाठी मोठे भांडवल किंवा कारखाना लागत नाही. गिऱ्हाईक मात्र दारापर्यंत यावे लागते.

येथे एक महत्त्वाची अडचण आहे. परभणीच्या कडक उन्हाळ्यामुळे पर्यटनाचा सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच आहे. ज्वारीच्या हुरड्याचे दिवसही याच काळात येतात. परंतु कोरडवाहू भागातील आणि तांड्यांवरील अनेक कुटुंबे नेमकी याच महिन्यांत ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मुकादमाकडून मिळणारी उचल एकरकमी आणि आधी हाती पडते. हस्तकलेचा पैसा वस्तू विकल्यानंतर थोडा थोडा येतो. त्यामुळे कौशल्य असूनही कारागीर गावात राहत नाही आणि मुलांची शाळाही तुटते.

केवळ विक्री केंद्र बांधून ही कोंडी फुटणार नाही. पावसाळ्यातच वस्तूंची मागणी नोंदवून बचत गटांमार्फत आगाऊ रक्कम देण्याची व्यवस्था झाली, तरच गावात राहण्याचा पर्याय या कुटुंबांना विचारात घेता येईल.

होडक्याचा धडा

केंद्र सरकारने २००२च्या राष्ट्रीय पर्यटन धोरणानंतर ग्रामीण पर्यटनाची योजना आखली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने देशातील ३६ स्थळे निवडण्यात आली. त्यांत मराठवाड्यातील शूलिभंजन-खुलताबादचाही समावेश होता. रस्ते, निवास व इतर बांधकामासाठी ५० लाख रुपयांपर्यंत, तर प्रशिक्षण आणि लोकसंघटनासाठी २० लाखांपर्यंत निधीची तरतूद होती.

याच योजनेतील कच्छमधील होडका गावाचे उदाहरण वारंवार दिले जाते. २००१च्या भूकंपानंतर सावरणाऱ्या या भागात मातीच्या पारंपरिक गोल घरांच्या धर्तीवर निवासस्थान उभारण्यात आले आणि ते चालविण्याची जबाबदारी गावाच्या पर्यटन समितीकडे देण्यात आली. महिलांचे भरतकाम पाहुण्यांना थेट विकण्याची संधी मिळाली. सर्व ३६ ठिकाणी असे यश आले नाही. बांधकाम दिसते, लोकसंघटन दिसत नाही. म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले की इमारती ओस पडतात.

योजना आहेत, जोडणी हवी

राज्य सरकारने २०२०मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. २०२३च्या ‘आई’ या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा अंतर्भाव असून कुंभार, मूर्तिकार व टोपली विणणारे त्यांत येतात. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंत सवलतीचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. परंतु गोधडी शिवणारी गृहिणी स्वतःला कारागीर म्हणून नोंदवीत नाही. ही नोंद करून घेण्याचे काम ग्रामपंचायत आणि ‘उमेद’च्या बचत गटांना करता येईल.

लोकसहभागाची क्षमता जिल्ह्याने दाखवून दिली आहे. २०२० नंतर राज्यभर पसरलेल्या बारव मोहिमेच्या काळात वालूरच्या ग्रामस्थांनी श्रमदान करून आपली बारव मोकळी केली. ज्यांनी गाळ उपसला, त्यांनाच वास्तू दाखविण्याचा, पाहुण्यांना पिठले-भाकरी वाढण्याचा आणि त्याचा मोबदला घेण्याचा पहिला हक्क असावा, हे तत्त्व येथून पुढे नेता येते.

त्यासाठी भव्य आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सेलू, मानवत रोड, परभणी आणि गंगाखेड ही स्थानके रेल्वेमार्गावर आहेत. वालूरची बारव, चारठाण्याची मंदिरे, नेमगिरीची लेणी आणि एखाद्या तांड्यावरील भरतकाम, असा दोन दिवसांचा मार्ग आखता येईल. दर, पाहुण्यांची संख्या आणि नफ्याची वाटणी ग्रामसभेत ठरावी. प्रत्येक वस्तूच्या किमतीत ती करणाऱ्या हातांची मजुरी धरलेली असावी. एका दिवाळीनंतर एका तांड्यावरची काही कुटुंबे जरी कोयता न उचलता घरी राहू शकली, तरी त्या पर्यटनाला विकास म्हणता येईल.