विश्लेषण : ‘कोसला’ पहिल्यांदा वाचताना विद्यार्थी कुठे अडखळतात?

‘हा तर मीच आहे’ किंवा ‘यात काही घडतच नाही’. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ पहिल्यांदा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांकडून बहुतेक वेळा या दोनांपैकी एक वाक्य ऐकू येतं. कादंबरी येऊन साठ वर्षं उलटली, तरी तरुण वाचक तिच्यावरून वाद घालतात. असं काय आहे तिच्यात?

कादंबरी नेमकी कशाबद्दल?

‘कोसला’ 1963 मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. खानदेशातल्या सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला येतो. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, वादविवाद मंडळ अशा सगळ्यांत तो उत्साहाने उतरतो आणि हळूहळू सगळ्यातूनच त्याचं मन उडतं. घरचे पैसे संपतात, परीक्षेचं गणित बिघडतं आणि शेवटी तो गावी परततो. पुढे नेमाडेंना 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मात्र त्यांची ओळख आजही या पहिल्या कादंबरीनेच करून दिली जाते.

‘काही घडत नाही’ असं का वाटतं?

शाळेत वाचलेल्या बहुतेक गोष्टींत नायकापुढे अडचण येते आणि तो तिच्यावर मात करतो. पांडुरंग मात करत नाही. तो हरतो, तेही नाट्यमय रीतीने नाही. मित्र, खोल्या, चहा, उधारी, रिकाम्या दुपारी असं चालूच राहतं. एक भाग तर रोजनिशीच्या रूपात आहे. पहिल्या पन्नास पानांत कथानक शोधणारा विद्यार्थी कंटाळतो. पण दिवस हातातून निसटत जाणं हाच इथला विषय आहे. वाचकाला येणारा कंटाळा बऱ्याच अंशी पांडुरंगचाच असतो.

भाषा विचित्र का वाटते?

‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’, ‘थोर’ हे शब्द पांडुरंगच्या तोंडी सतत येतात. काहींना ते पहिल्याच पानावर आवडतात, काहींना खटकतात. त्या काळच्या अलंकारिक, गुळगुळीत साहित्यभाषेची ही टिंगल होती. आजच्या वाचकाने ती जुनी भाषा फारशी वाचलेली नसते, त्यामुळे टिंगल कुणाची चालली आहे हे त्याला लगेच कळत नाही. मोठ्या शब्दांवर विश्वास न उरलेला मुलगा असाच बोलणार, हे ध्यानात आलं की वाचन सोपं होतं.

मत बदलतं ते कुठे?

बऱ्याच जणांचं मत बदलतं ते मनीच्या मृत्यूपाशी. मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण. तोवर प्रत्येक गोष्टीची थट्टा करणाऱ्या या मुलाला इथे थट्टा पुरत नाही. आधीची बेफिकिरी खरी होती की पांघरलेली, हा प्रश्न इथे उभा राहतो. पहिल्या शंभर पानांत पुस्तक बाजूला ठेवणाऱ्याला पांडुरंग फक्त आगाऊ वाटतो, तो याचमुळे.

‘कॅचर इन द राय’शी तुलना का होते?

जे. डी. सॅलिंजर यांची ही अमेरिकी कादंबरी 1951 ची. तिचा नायक होल्डन कॉलफिल्डही शिक्षणाच्या चौकटीत बसत नाही, त्यालाही ढोंगाचा तिटकारा आहे आणि त्यानेही धाकटा भाऊ गमावलेला आहे. फरक आहे तो परतण्यात. होल्डन न्यू यॉर्कच्या सुखवस्तू घरातला. पांडुरंगच्या मागे शेती, कुटुंब आणि हिशेब मागणारे वडील आहेत. शिकून काय झालं, हे विचारणारं अख्खं गाव आहे.

आजच्या विद्यार्थ्याशी संबंध काय?

गाव सोडून पुण्यात खोली घेणं, मेस लावणं, अभ्यासिकेत दिवस काढणं हे आजही हजारो मुलंमुली करतात. स्पर्धा परीक्षेची दोन-चार वर्षं गेल्यावर घरी काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना नवा नाही. म्हणूनच ‘हा तर मीच आहे’ ही प्रतिक्रिया अजून येते. तिच्यात एक धोकाही आहे. पांडुरंगचं बोलणं उचलणं सोपं असतं. मात्र कादंबरी त्याला आदर्श ठरवत नाही. तो कुठे चुकतो हे ती लपवत नाही.

आधी गाईड की आधी कादंबरी?

परीक्षेसाठी वाचणारा ‘अस्तित्ववाद’, ‘परात्मता’ हे शब्द आधी पाठ करतो आणि मग पानापानांवर तेच शोधतो. हे शब्द चुकीचे नाहीत, पण ते नंतर आले तर बरं. आधी कादंबरी संपवावी आणि कुठे हसू आलं, कुठे राग आला, कुठे पुस्तक मिटावंसं वाटलं, हे समासात लिहून ठेवावं. ‘बोअर झालं’ हीसुद्धा नोंदच आहे. चर्चेची सुरुवात तिथूनच करता येते : नेमकं कोणत्या पानावर, आणि का?