इंग्रजीतील उसन्या फ्रेंच शब्दांचे अनेकवचन

इंग्रजी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत ‘ब्यूरो’, ‘प्लॅटो’, ‘शॅटो’, ‘टॅब्लो’ या शब्दांची अनेकवचने बहुधा अपवादांच्या यादीत आढळतात. शेवटी ‘एक्स’ हे अक्षर जोडावे, एवढेच विद्यार्थ्याच्या पदरी पडते. आणि ‘एस’ जोडणारा तो अर्धशिक्षित, असा ग्रहही त्यातून बळावतो. प्रस्तुत लेखात या रूपांचा विचार शुद्धाशुद्धतेच्या अंगाने न करता, उच्चार आणि लेखन यांतील भेद ध्यानात घेऊन करावयाचा आहे.

प्रथम या ‘एक्स’चे मूळ पाहू. जुन्या फ्रेंचमध्ये व्यंजनापूर्वीच्या ‘ल्’चा ‘उ’ झाला. अनेकवचनाचा ‘स्’ जेथे ‘ल्’नंतर येई, तेथे त्यामुळे ‘-उस्’ असा शेवट निर्माण झाला. मध्ययुगीन लेखनिक या ‘-उस्’साठी ‘एक्स’सारखे दिसणारे एक संक्षेपचिन्ह वापरीत. पुढे चिन्हाचा मूळ अर्थ विसरला गेला आणि त्यापूर्वी ‘यू’ हे अक्षर पुन्हा लिहिले जाऊ लागले. आज जो व्याकरणाचा नियम म्हणून शिकविला जातो, तो असा लेखनिकांच्या सोयीतून जन्मला आहे. आधुनिक फ्रेंचमध्ये हा ‘एक्स’ सामान्यतः उच्चारलाही जात नाही. ‘ब्यूरो’ची दोन्ही वचने कानाला सारखीच, वचनभेद कळतो तो ‘ल’ आणि ‘ले’ या उपपदांवरून.

इंग्रजीत मात्र उपपद वचनानुसार बदलत नाही. तेव्हा वचन दाखविण्याचा भार नामावरच येतो. म्हणून इंग्रज लेखक ‘एक्स’ लिहो वा अमेरिकन लेखक ‘एस’, उच्चार बहुधा एकच होतो : ‘ब्यूरोझ्’. लॅटिन-ग्रीकमधून आलेली ‘फिनॉमिना’सारखी अनेकवचने मुखानेही निराळी राहिली; फ्रेंच अनेकवचनाचे निराळेपण मुख्यतः कागदावरचे आहे.

याचा पडताळा उलट बाजूनेही येतो. ‘कोर’ (सैन्यदल), ‘शॅसी’, ‘राँदेव्हू’ या शब्दांच्या लेखनात शेवटी ‘एस’ मुळातच आहे. त्यांची दोन्ही वचने एकसारखीच लिहिली जातात. परंतु बोलताना एकवचनी ‘कोर’ आणि अनेकवचनी ‘कोर्झ्’ असा भेद इंग्रजी भाषक न चुकता करतो. लेखन मुके असले, तरी व्याकरण बोलते.

शब्द केव्हा आला, यावरही बरेच अवलंबून असते. ‘कॅसल’ आणि ‘शॅटो’ या दोहोंचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. पहिला नॉर्मन फ्रेंचच्या द्वारे मध्ययुगातच रुजला आणि त्याला ‘एस’ निमूटपणे लागला. दुसरा अर्वाचीन काळी आला आणि परकेपणाची खूण म्हणून ‘एक्स’ बाळगून राहिला. ‘कोर्ट मार्शल’मध्ये नामानंतर विशेषण हा फ्रेंच क्रम टिकला. फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा प्रत्यय दोन्ही पदांना लागतो. इंग्रजीत विशेषणाला वचन नसल्याने तो एकट्या ‘कोर्ट’ला लागला. पुढे समास एकसंध वाटू लागताच तोच प्रत्यय अखेरीस सरकून ‘कोर्ट मार्शल्स’ हे रूपही रूढ झाले.

याच परंपरेतील एक शब्द मराठीपर्यंत पोचला आहे. फ्रेंच ‘मस्यो’चे अनेकवचन ‘मेस्यो’. त्यावरून इंग्रजी ‘मेसर्स’. आपल्या व्यापारी पत्रव्यवहारात त्याचे ‘मे.’ झाले आणि एकाच मालकाच्या दुकानाच्या नावापूर्वीही ते लागते. अनेकवचनाची जाणीव तेथे पूर्णपणे लोपली आहे.

मराठीतील इंग्रजी शब्दांनाही हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. ‘फाईल–फायली’, ‘पेन्सिल–पेन्सिली’ येथे मराठी प्रत्ययाने ताबा घेतला. ‘बसेस’मध्ये मात्र इंग्रजी प्रत्यय शब्दासोबत आला, आणि तो नुसता लिहिला जात नाही, उच्चारलाही जातो. म्हणजे ‘ब्यूरो’च्या ‘एक्स’पेक्षा ‘बसेस’मधील उसनवारी अधिक खोल आहे. हा फरक शब्दकोशातील रूपे पाहून कळत नाही. त्यासाठी बोलणाऱ्याचे बोलणे ऐकावे लागते. उसन्या शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने ‘शुद्ध रूप कोणते?’ या प्रश्नाआधी ‘हे रूप मुखात आहे की केवळ लेखणीत?’ हा प्रश्न विचारावा, हे बरे.