तुमचं गाव सरकारी पुस्तकात शोधलंय का?

इलेक्ट्रॉनिक सिटीत वाढणाऱ्या मराठी मुलांना ‘तू कुठली?’ किंवा ‘तू कुठला?’ असं विचारून बघा. बहुतेक वेळा दोन उत्तरं मिळतील. एक अपार्टमेंटचं नाव आणि दुसरं आजीच्या गावाचं. पुढचा प्रश्न विचारला की मात्र गाडी अडते. गावाची नदी कोणती? तालुका कोणता? गावाला हे नाव कशावरून पडलं? मुलं आईकडे बघतात, आई बाबांकडे बघते आणि बाबा मोबाइल काढतात.

मोबाइलवर गावाचं आजचं तापमान कळतं, जवळचा पेट्रोल पंपही सापडतो. पण तिथे पूर्वी आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरायचा, देवळाला इनाम कोणी दिलं, कोणती पिकं निघायची, हे सांगणारी पुस्तकं वेगळी आहेत. ती सरकारने छापली आहेत आणि त्यातली कितीतरी आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ‘सरकारी पुस्तक’ म्हटलं की राखाडी कव्हर, बारीक टाइप आणि धूळ डोळ्यांसमोर येते, म्हणून आपण त्यांच्या वाटेला जात नाही. आज जरा जाऊन बघूया.

गॅझेटिअर म्हणजे काय रे भाऊ?

गॅझेटिअर म्हणजे एखाद्या जिल्ह्याची सगळी माहिती एका जागी देणारा ग्रंथ. शासनाने त्याला ‘दर्शनिका’ हा छान मराठी शब्द दिला आहे. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्पबेल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे २७ खंड तयार झाले. हे काम १८७७ ते १९०४ अशी अनेक वर्षं चाललं. जिल्ह्यांच्या खंडांची मांडणी साधारण एकसारखी असते. आधी डोंगर आणि नद्या, मग झाडं-जनावरं, लोक, शेती, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, शाळा, आरोग्य आणि शेवटी जिल्ह्यातल्या महत्त्वाच्या गावांची वर्णनं.

हे काम एकट्या गोऱ्या साहेबांचं नव्हतं. डॉ. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास याच गॅझेटिअरसाठी लिहिला. ठाणे जिल्ह्याच्या खंडासाठी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मोलाची मदत केली.

या खंडांचे क्रमांक बघितले तरी एक गंमत कळते. २० वा सोलापूर, २१ वा बेळगाव, २२ वा धारवाड, २३ वा विजापूर आणि २४ वा कोल्हापूर. आज आपण ज्यांना दोन राज्यांचे जिल्हे म्हणतो, ते या पुस्तकांच्या कपाटात खांद्याला खांदा लावून उभे आहेत. बंगळूरला आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकजण बेळगाव, निपाणी, कारवार या भागातले. त्यांच्या मुलांना शाळेत ‘तुम्ही महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे?’ असं विचारलं जातं, तेव्हा हा क्रम दाखवण्यासारखा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी ही सगळी गावं एकाच इलाख्यात नांदत होती.

स्वातंत्र्यानंतरची पुस्तकं

महाराष्ट्र झाल्यावर राज्य शासनाने स्वतःची गॅझेटिअर काढायला सुरुवात केली. त्यातलं एक पुस्तक आवर्जून सांगण्यासारखं आहे. १९६८ मध्ये राज्य गॅझेटिअरच्या मालिकेत इरावती कर्वे यांनी महाराष्ट्राची भूमी आणि तिथली माणसं यांवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. आपण त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतो. पण त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवत होत्या आणि माणसांना भेटत, त्यांची नातीगोती समजून घेत महाराष्ट्रभर फिरल्या होत्या. सरकारी पुस्तक लिहायला इतक्या तोलामोलाची लेखिका मिळणं ही भाग्याची गोष्ट.

केंद्र सरकारचा प्रकाशन विभाग तर १९४१ पासून चालू आहे. महात्मा गांधींच्या समग्र लेखनाचे १०० खंड याच विभागाने काढले. देशाची वर्षभराची माहिती देणारं वार्षिक आणि ‘योजना’ मासिकही त्यांचंच. १९५७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन झाली. तिच्या ‘भारत : भूमी आणि लोक’ या अर्थाच्या मालिकेत पक्षी, झाडं, नद्या, राज्यं अशा विषयांवर छोटी पुस्तकं आहेत. त्यातलं नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक सलीम अली आणि लईक फतेहअली यांनी लिहिलं आहे. बाल्कनीत येणारा पक्षी कोणता, हे मुलांना शिकवायला याहून चांगले गुरुजी कुठे मिळणार?

मराठी विश्वकोशाचं नावही इथे घ्यायलाच हवं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला हे काम उभं राहिलं, १९७६ मध्ये पहिला खंड आला, आणि आज सगळा विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून प्रसिद्ध केले. संसद, न्यायालय, निवडणूक या संस्था कशासाठी आहेत, हे मोठ्या मुलांना समजावताना संविधानाची मराठी प्रत आणि हे खंड हाताशी असावेत.

आणि आपण राहतो ते गाव?

आजोळाचा शोध घेताना पायाखालची जमीन विसरायची नाही. इलेक्ट्रॉनिक सिटी आकाशातून पडलेली नाही. केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने १९७८ च्या सुमारास ३३२ एकरांवर ती वसवली. ही जमीन दोड्डतोगूर आणि कोनप्पन अग्रहार या गावांची. कन्नडमध्ये ‘दोड्ड’ म्हणजे मोठं आणि ‘चिक्क’ म्हणजे लहान. म्हणून शेजारीच चिक्कतोगूरही आहे, जसं आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द. ‘कोनप्पन’ म्हणजे कोनप्पाचं. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाली, त्यातल्या एका स्टेशनच्या नावात हे जुनं गाव अजून टिकून आहे. रोज कानावर पडणाऱ्या नावाचा अर्थ कळला की मुलांना कन्नडही थोडं आपलं वाटायला लागतं.

इथून फार लांब नसलेल्या बेगूरला नवव्या शतकाच्या अखेरचा एक शिलालेख आहे. त्यात ‘बेंगळूरु’ हे नाव आलंय. म्हणजे हे नाव अकराशे वर्षांहून जुनं. राजाला उकडलेल्या शेंगा देणाऱ्या म्हातारीची गोष्ट गोड आहे, पण ती हा दगड वाचून झाल्यावर सांगावी. म्हैसूर संस्थानातले असे हजारो शिलालेख एकत्र करून छापण्याचं काम बी. एल. राइस यांनी सरकारी नोकरीत राहून केलं. त्यांचा जन्म बंगळूरचाच. म्हैसूरचं गॅझेटिअरही त्यांनीच लिहिलं.

मराठी मुलांसाठी आणखी एक धागा आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे जवळजवळ ५० वर्षं या शहराचा भोसले घराण्याशी संबंध राहिला. आयटी कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी इथे मराठी बोललं जात होतं.

वाचा, पण डोळे उघडे ठेवून

सरकारी शिक्का असला म्हणजे प्रत्येक ओळ खरी किंवा न्यायाची असतेच, असं नाही. इंग्रजी अमलातल्या गॅझेटिअरमध्ये ‘लोक’ हे प्रकरण वाचताना त्रास होतो. एखाद्या अख्ख्या जातीला कष्टाळू, दुसरीला आळशी, तिसरीला घाणेरडी ठरवून साहेब मोकळे होतात. त्याच राजवटीने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. अशी पानं मुलांपासून लपवू नका. शेजारी बसून वाचा आणि तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना कोणी विचारलं होतं का?

ही पुस्तकं जुनी झाली म्हणून संपलेली नाहीत. २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातल्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदींचा आधार घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्या निर्णयाबद्दल तुमचं मत काहीही असो, निजामाच्या काळात कोणीतरी लिहून ठेवलेल्या ओळी आज एखाद्या मुलाच्या कॉलेज प्रवेशापर्यंत पोहोचतात, हे मात्र खरं. आपल्याबद्दल काय लिहिलं गेलंय, हे आपल्याला माहीत असायला नको का?

घरी सुरुवात कशी कराल?

* आधी एकच तालुका निवडा. अख्खा खंड वाचायला घेतलात तर दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद होईल. गावांच्या वर्णनांचं शेवटचं प्रकरण उघडा आणि आपलं किंवा जवळचं गाव शोधा. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमुळे नाव पटकन ओळखू येत नाही, त्यामुळे शोधण्यातच खेळ होतो.
* वाचन नातवंडांना द्या आणि अर्थ आजी-आजोबांना विचारा. जुनी गॅझेटिअर इंग्रजीत आहेत. बंगळूरच्या इंग्रजी शाळेतली मुलं ती वाचू शकतात. पण बलुतेदार, वतन, इनाम, खरीप असे शब्द आले की त्यांची गाडी थांबते. तिथे आजोबांना व्हिडिओ कॉल लावा. एकाला भाषा येते, दुसऱ्याला गाव माहीत आहे. दोघं मिळूनच पान पूर्ण होतं.
* पुस्तकात आहे ते आजही आहे का, याची यादी करा. नदी, घाट, बाजार, देऊळ, शाळा. दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी गेलात की ती यादी सोबत न्या.
* छापील पुस्तकं हवी असतील तर मुंबई, पुणे, नागपूरच्या शासकीय ग्रंथागारांत चौकशी करा. बंगळूरमध्ये कोरमंगलाच्या केंद्रीय सदनात प्रकाशन विभागाचं विक्री केंद्र आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र या पुस्तकांत सापडणार नाही. तुमच्या घराण्याने गाव का सोडलं, आजी लग्न होऊन कुठल्या वाटेने आली, दुष्काळात काय खाल्लं, हे कुठल्याही दर्शनिकेत छापलेलं नाही. ते सांगणारी माणसं आज सत्तरीत, ऐंशीत आहेत. गॅझेटिअर पुढच्या वर्षीही जागेवरच असेल. म्हणून पान उघडाल तेव्हा एक वही जवळ ठेवा, आणि आजी जे सांगेल ते मुलांच्या अक्षरात लिहून घ्या.